प्रतिसाद: ग्रंथालयाची ओळख नेमकी केव्हा करून द्यावी?
वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या सर्व सेवांची माहिती पहिल्याच आठवड्यात द्यावी, असा मुद्दा या चर्चेत मांडला गेला; तो मला अर्धाच पटतो. २०१९पासून एमबीबीएसच्या प्रारंभी फाउंडेशन कोर्स, म्हणजे पायाभूत ओळखवर्ग, असतो खरा. परंतु वसतिगृह, नवे शहर आणि शरीररचनाशास्त्राचे दडपण यांत गुंतलेल्या मुलांना तेव्हा दाखवलेले पबमेडचे (वैद्यकीय संशोधनलेख शोधण्याच्या संकेतस्थळाचे) प्रात्यक्षिक लक्षात राहत नाही. ग्रंथपालांची ओळख झाली आणि वाचनकक्षाच्या वेळा कळल्या, तरी तेवढे पुरे.

ग्रंथालयाचा खरा वापर शिकवण्याची, चर्चेत न आलेली संधी म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९मध्ये सुरू केलेली अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना. दोन महिन्यांच्या त्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना पूर्वसंशोधन धुंडाळावेच लागते, आणि आमच्या ग्रंथपालांनी त्याच सुमारास संशोधनलेख कसे शोधावेत याचा वर्ग ठेवला, तेव्हा मुले स्वतःचे विषय घेऊन आपणहून आली.