अनुभव धागा : गाडी कुठं लावायची, हे कसं शिकलात?

लायसन्स मिळून चार महिने झाले. चालवायची भीती गेली, लावायची गेली नाही. क्लासच्या सरांनी क्लच, गिअर, चढावरचा हाफ क्लच सगळं घोटून घेतलं. पण गाडी कुठं लावलेली चालते, हा विषय एकदाही निघाला नाही. तो मला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत ई-चलनाच्या मेसेजनं शिकवला. पाटी होती, पण वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डामागं. तरी उतरून दहा पावलं मागंपुढं बघणं माझं काम होतं. निळ्या गोलात एक लाल तिरकी रेघ म्हणजे लावायची नाही, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायचंसुद्धा नाही. दंड पहिल्यांदा 500 रुपये, पुढच्या वेळी 1500. नव्यानं शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा.

मंगळवार पेठ
आमच्या गल्लीत एक दवाखाना आहे. मी फाटकाच्या जरा अलीकडं लावली. चाक फाटकासमोर येत नाही, हे वाकून बघितलंही. पंधरा मिनिटांत वॉचमनमामा शोधत आले, "ताई, पांढरी गाडी तुमची का? ॲम्ब्युलन्स वळंना झालीय." पळत गेले. चौघं जण शेजारच्या मोटरसायकली उचलून बाजूला ठेवत होते. आत स्ट्रेचरवर एक आजी, हात चादरीबाहेर आलेला, हिरव्या बांगड्या. माझा हात इतका थरथरत होता की चावी लागेना. नियमात शब्दच दवाखान्याच्या, शाळेच्या दाराजवळ असा आहे. वळायला लागणारी जागाही त्यात आली, हे मी तोवर धरलंच नव्हतं. आता दवाखाना दिसला की तिथून लांबच लावते.

उचगाव
"लावा वो दादा, काय होत न्हाई," असं दुकानदार म्हणाले म्हणून गाडी रिक्षा स्टॉपजवळ लावली. क्रेननं नेली. रस्ता दुकानदाराच्या मालकीचा नसतो, त्यामुळं त्यांच्या होकाराला अर्थ नाही. दारात दगड ठेवून जागा अडवतात, त्यालाही नाही.

राजारामपुरी
सम-विषम तारखांची पाटी असेल तर रात्री बाराला तारीख बदलते, हे लक्षात ठेवा. मी संध्याकाळी बरोबर बाजूला लावली होती, सकाळी तीच बाजू चुकीची झाली.

फुलेवाडी
लेकीला शिकवतोय. अंबाबाईला जायचं तर घरातनं निघतानाच ठरवायचं: बिंदू चौकातलं पार्किंग, तिथं जागा नसली तर दसरा चौक, आणि पुढं चालत. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत फट शोधत फिरलं की नवा माणूस गडबडतो आणि कुठंतरी कोपऱ्यावर घुसवतो. वळणावर, चौकाच्या तोंडाला, केएमटी बसच्या थांब्यावर, फुटपाथवर, दुसऱ्या गाडीच्या अंगाला अंग लावून लावायची नाही, हे तिला पाठ झालंय.

सरावाला पहाटे रंकाळ्याकडं जातो, गर्दी व्हायच्या आत. पुढच्या गाडीच्या बरोबरीनं उभी करायची, दोघींचे मागचे बंपर सीधेत आले की स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, आणि हळूहळू मागं. पुढचं तोंड आत वळवायची वेळ तिची अजून चुकते. फुटपाथच्या कडेपासून लांब लावणं हेही नियमाविरुद्धच. काल तिनं हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि चाकापासून कडेपर्यंत वीत लावली. तीन वीत भरलं. मी म्हटलं, आजच्यापुरतं राहू दे. ती काही न बोलता परत आत बसली आणि गाडी पुढं घेतली.