गोल्फच्या ड्रायव्हरचा (सर्वात लांब फटक्याच्या क्लबचा) शाफ्ट म्हणजे दांडा १ इंच कापायचा आहे, वजनाचं गणित कसं जुळवू?

मंडळी, मदत हवी आहे. ड्रायव्हर ४५.५ इंची, स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड जाणवतं त्याचं माप) डी३. फेसवर (चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) पावडर स्प्रे मारून पाहिलं तर चेंडूचे ठसे टो (बाहेरचं टोक) पासून हील (शाफ्टकडचं टोक) पर्यंत विखुरलेले, म्हणून ४४.५ करायचा विचार आहे. कापणार ग्रिपच्याच टोकाकडून. टिपकडून (हेडच्या बाजूने) कापला तर शाफ्ट उगाच कडक होतो.

अडचण वजनाची. इंचाला साधारण ६ पॉइंट जातात, म्हणजे सी७ (डी० च्या खाली सी९ येतो). हेड हाताला जाणवणारच नाही. पॉइंटला २ ग्रॅम धरले तर १२ ग्रॅम परत घालावे लागतील. एवढं सगळं सोलवरच्या (हेडच्या तळाच्या) स्क्रूमधून द्यावं की थोडी लेड टेपही (शिशाची चिकटपट्टी) लावावी? आणि ग्रिप इंचभर खाली धरून घेतलेली चाचणी कितपत खरी मानायची? तेव्हा हातांच्या वर उरलेला तुकडा तोल बदलतोच ना! एकदा कापला की परत जोडणं कटकटीचं, म्हणून आधीच विचारतोय.