मदत हवी आहे: रेषेखाली नोंदींचा ढीग दिसतोय, नैसर्गिक प्रयोग बाद समजायचा का?

नमस्कार मंडळी,

एका शिष्यवृत्तीमुळे शाळागळती कमी होते का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक रेषेखाली असेल तरच ती मिळते. रेषेच्या जरा खालची आणि जरा वरची कुटुंबं जवळपास सारखीच असणार, म्हणजे आपण न आखता आपोआप घडलेला 'नैसर्गिक प्रयोग'च. म्हणून रिग्रेशन डिस्कन्टिन्युइटी (रेषेलगतच्या दोन्ही बाजूंची तुलना करून परिणाम मोजायची पद्धत) लावायचं ठरवलं. उत्पन्नाची नोंद प्रवेशाच्या वेळी सगळ्यांचीच होते, त्यामुळे दोन्ही बाजूंची माहिती हाताशी आहे.

हिस्टोग्राम काढला आणि तिथेच गाडी अडली. रेषेच्या लगेच खाली नोंदींचा ढीग, लगेच वर खड्डा. मॅकक्रेरी चाचणी (रेषेपाशी नोंदींची संख्या अचानक बदलते का, हे तपासणारी) करायच्या आधीच डोळ्यांना दिसतंय की उत्पन्न कमी करून लिहिलं गेलंय. असं करणारे पालक बहुधा जास्त जागरूक. त्यांची मुलं शिष्यवृत्तीविनाही शाळेत टिकली असती. म्हणजे परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसणार.

या निमित्ताने डॉक्टर जॉन स्नोचं लंडनमधल्या १८५४ च्या कॉलऱ्यावरचं, तो पाण्यातून पसरतो हे दाखवणारं काम पुन्हा वाचलं. पाणी पुरवणाऱ्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला नेली होती, दुसरी कंपनी मात्र सांडपाणी मिसळलेलं पाणीच देत राहिली. एकाच गल्लीत शेजारच्या घरांना वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी, आणि आपल्याकडे कोणाचं येतं हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. पाण्यातल्या मिठाचं प्रमाण तपासून स्नोला ते ओळखावं लागलं. त्या तुलनेचं बळ मला या अजाणतेपणातच वाटतं.

माझ्याकडे अशी अजाण एकच तुकडी आहे, शिष्यवृत्तीची पहिली. तिच्या उत्पन्नाच्या नोंदी योजना जाहीर होण्याआधीच्या आहेत, आणि तिच्यात ढीग दिसत नाही. पण रेषेजवळची मुलं फार थोडी. रेषेभोवतीचा उत्पन्नाचा पट्टा रुंद करावा तर कुटुंबं सारखी राहत नाहीत.

आता प्रश्न. फक्त पहिल्या तुकडीवर प्रबंध उभा राहील का? की सगळ्या तुकड्या घेऊन रेषेलगतच्या नोंदी वगळाव्यात, म्हणजे 'डोनट' पद्धत? मला ती पटत नाही, कारण ज्यांची तुलना करायची तेच बाहेर जातात. गाइडचं मत विषयच बदलावा असं आहे. पहिल्या तुकडीत इतकं स्वच्छ काही हाती असताना ते सोडून द्यायला मन तयार नाही.

अशा डेटावर कोणी काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. दोन्ही हिस्टोग्राम हवे असतील तर इथेच टाकते.