मदत हवी आहे: दोन सिग्नलचा मेळ कसा घालायचा?

नमस्कार मंडळी, वाहतूक नियोजनात किंवा सिव्हिलमध्ये काम करणारं कुणी इथे आहे का?

पुण्यात आमच्या रस्त्यावर दोन चौक साधारण ४०० मीटरवर आहेत. पहिल्या सिग्नलचं चक्र १२० सेकंदांचं, दुसऱ्याचं ९०. म्हणजे दर सहा मिनिटांनी एकदाच दोघांचा मेळ बसतो. एरवी एकीकडून सुटलेली गाड्यांची झुंड पुढे हमखास लालवर अडकते. भरलेली पीएमपी बस थांबून पुन्हा पहिल्या गिअरवर उचलते, तेव्हा सगळ्यात जास्त इंधन तिथेच जळतं. आणि मागच्या दुचाकीवाल्यांच्या नाकात तो सगळा धूर!

माझा हिशेब असा: दोन्ही चक्रं सारखी करायची आणि ताशी ३० किमी वेग धरून दुसरा हिरवा ४८ सेकंद उशिरा सोडायचा. नवी यंत्रणा न बसवता, फक्त वेळा बदलून हे जमावं असं मला मनापासून वाटतं.

अडतंय ते इथे. वेबस्टरच्या १९५८ च्या सूत्राने (गाड्यांचा खोळंबा कमीत कमी होईल असं चक्र काढायचं सूत्र) चक्र काढायचं तर दुचाकी-रिक्षांच्या मिश्र गर्दीसाठी सॅच्युरेशन फ्लो (सलग हिरवा असेल तर रांगेतून तासाला जास्तीत जास्त किती गाड्या सुटतात तो आकडा) प्रत्यक्ष कसा मोजतात? उलट दिशेच्या गाड्यांचं काय, गर्दीच्या दिशेलाच झुकतं माप द्यायचं का? शिवाय रस्ता ओलांडणाऱ्या ज्येष्ठांचा वेळ अजिबात कमी व्हायला नको.

कुणी असा अर्ज वाहतूक शाखेकडे दिला असेल तर सोबत कोणती आकडेवारी जोडली, तेही कृपया सांगा. मोजणीला यायला शेजारची कॉलेजची मुलं तयार आहेत.