सांगितलं की गप्प, मोकळ्या खेळात बरोब्बर : नोंद कोणती धरायची?

अंगणवाडी_ताई :
पटावर २४ मुलं, वय ३ ते ६. चार वर्षांच्या एका मुलाला "५ चिंचोके दे" म्हटलं की मूठभर काढून देतो. "लाल कोणता?" विचारलं की गप्प. तोच मुलगा भातुकलीत चौघांपुढे चार कप बरोबर मांडतो. निरीक्षण वहीत काय लिहू? आणि मदतनीस ताई आहारात गुंतलेल्या असताना एकटीने २४ जणांची नोंद कशी ठेवायची?

चिंचोका :
ताई, दोन्ही लिहा. यात विसंगती नाहीच. चौघांना चार कप ही एकास एक जोडी झाली, त्याला मोजणं लागत नाही. "५ दे" यात मोजायचं, पाचावर थांबायचं आणि आकडा लक्षातही ठेवायचा. वीसपर्यंत धडाधडा म्हणणारं मूलही इथे अडकतं, कारण ते पाठांतर असतं.

ताटलीत १० चिंचोके ठेवा, ढीग नको. आधी १ मागा, मग २, मग ३. प्रत्येक आकडा तीनदा, पण सलग नाही, उलटसुलट. तीनपैकी दोनदा जमला तो आकडा पक्का धरा. नोंद अशी : "२ तिन्ही वेळा बरोबर, ३ एकदाच." "मोजता येत नाही" असं लिहिलंत तर पुढच्या महिन्यात कशाशी ताडून बघणार?

मुलाला एकट्याला घेऊन बसा. शेजारचं बघून देणारी मुलं असतात आणि आपल्याला ते कळतही नाही. तीन वर्षांखालचं भावंड सोबत येत असेल तर चिंचोके झाकून ठेवा, नाकात जातात.

रंगाचं वेगळं आहे. आधी "याच्यासारखा दुसरा शोध", मग "लाल दे", शेवटी "हा कोणता?" गाडी कुठे थांबते ते टिपा. आणि घरी काय म्हणतात ते आईला विचारा. बऱ्याच घरांत लाल नसतोच, तांबडा असतो. 'वर्तुळ' आणि 'गोल'चंही तेच. घरची बोली अहिराणी किंवा वारली असेल तर सूचना त्या बोलीत देऊन बघितल्याशिवाय "येत नाही" लिहूच नका.

मोकळा_तास :
२४ जणांची नोंद एका दिवसात करायला जाऊ नका. रोज दोन मुलं, प्रत्येकी ३ मिनिटं. १२ दिवसांत पट पूर्ण. खिशातली छोटी वही हवी, कारण घरी जाऊन लिहिलं की आठवतं ते "चंचल आहे", "हुशार आहे" एवढंच. त्याऐवजी : "४ ठोकळे रचले, पाचवा पडला, खालचा अरुंद ठोकळा बदलून पुन्हा रचले. म्हणाला, 'ह्यो बारीक हाय.'" मुलाचे शब्द जसेच्या तसे, शुद्ध करून नव्हे.

मोकळा खेळ ४० मिनिटं तरी द्या. सुरुवातीची १० मिनिटं काय घ्यायचं यातच जातात, त्यानंतर लिहायला घ्या. थोडं लांब बसा, हातात चित्रकार्डं लावण्यासारखं काम ठेवा आणि "काय करतोस रे?" विचारू नका. विचारलं की खेळ मोडतो आणि मूल आपल्याला दाखवण्यासाठी खेळू लागतं. सहा मुलांत दोनच वाट्या असतील तर नोंदीत नुसती भांडणं येतील. तो दोष सामानाचा.

पाटीपेन्सिल :
वरच्या मुद्द्याला पुरवणी. तीन मिनिटांत एकटं दिसलं म्हणून "मिसळत नाही" असा शेरा मारू नका. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये एकट्याने, नुसतं बघत, शेजारी-शेजारी, एकत्र असे खेळाचे प्रकार मांडले. त्यांची पद्धत मिनिटा-मिनिटाच्या, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या पुष्कळ नोंदींची होती. शिवाय एकट्याने अर्धा तास मातीचा बंधारा बांधणारं मूल मागे नसतं. एकटं असताना ते काय करतं, ते लिहा.

काही गोष्टींत मात्र थांबू नका : येत असलेले शब्द बंद होणं, पाठीमागून हाक मारल्यावर वळूनही न बघणं, एक हात कधीच न वापरणं. तारखेसह लिहा, पालकांशी बोला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण तोवर वाट बघायची नाही.

अंगणवाडी_ताई :
चिंचोक्यांऐवजी खडे चालतील ना?

चिंचोका :
चालतील, पण सगळे सारख्या आकाराचे निवडा. लहानमोठे असले की मूल मोजणं सोडून मोठे खडे वेचत बसतं.