मदत हवी आहे: मध्यम आकाराची एसयूव्ही, तिसरं व्हेरियंट घ्यावं की टॉप?

सारथी

नमस्कार मंडळी. पाच आसनी, मध्यम आकाराची पेट्रोल एसयूव्ही घ्यायची आहे. मॉडेल पक्कं झालंय, पण व्हेरियंट ठरत नाहीये. एकूण चार आहेत. बेसची किंमत १०० धरली तर दुसरं १११, तिसरं १२२ आणि टॉप १३७ पडतं.

सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) चारही व्हेरियंटमध्ये आहेत. बेसला हॅलोजन दिवे, स्टीलची चाकं आणि मागे ड्रम ब्रेक. दुसऱ्यात अलॉय, रिव्हर्स कॅमेरा आणि ऑटो एसी येतो. तिसऱ्यात एलईडी दिवे, चारही चाकांना डिस्क, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक, उंची बदलणारी सीट, पुढेमागे होणारं स्टीअरिंग. ऑटोमॅटिकही इथूनच सुरू होतं. टॉपमध्ये पॅनोरमिक सनरूफ, १८ इंची चाकं, ३६० अंशांचा कॅमेरा, थंड हवेच्या सीट आणि अडास (कॅमेरा-रडारवर चालणारी चालकाला मदत करणारी यंत्रणा). ऑलव्हील ड्राइव्ह हवी असेल तर फक्त टॉपमध्येच.

वापर: रोज शहरातली रांगती वाहतूक, महिन्यातून दोनतीनदा रात्रीचा लांबचा हायवे. तीन मोठी माणसं, दोन लहान मुलं. मुख्य चालक सहा फुटी. बेस घेऊन बाकीचं बाहेरून बसवलं तर चालेल का? टॉपचे जास्तीचे १५ कशात जातात?

पान्हा

आधी बेसचा विचार. व्हेरियंटची यादी वाचताना दोन रकाने करा: नंतर बसवता येतं ते, आणि कारखान्यातच बसतं ते. अलॉय, रिव्हर्स कॅमेरा, स्पीकर, डॅशकॅम, मॅट, चांगलं हॉर्न हे सगळं नंतर होतं. मागचे डिस्क ब्रेक, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक, पुढेमागे होणारं स्टीअरिंग, सीटची उंची बदलायची यंत्रणा, गिअरबॉक्स, अडास यांतलं काहीही बाहेरून नीट होत नाही. बेस आणि दुसऱ्यात मुख्य फरक अलॉय, कॅमेरा आणि एसीच्या पॅनेलचा, म्हणजे बहुतेक नंतरचा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक जवळपास सगळा कारखान्यातला आहे. या यादीतली सगळ्यात मोलाची पायरी तीच.

सहा फुटी चालकासाठी स्टीअरिंग फार महत्त्वाचं. नुसतं वरखाली होणारं असेल, तर उंच माणूस पायांसाठी सीट मागे नेतो आणि मग हात ताणून चालवतो. मागे टेकून बसल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं पाहिजे, शिवाय छाती आणि स्टीअरिंगच्या मध्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं. शोरूममध्ये हे दोन मिनिटांत तपासून होतं.

बेसच्या हॅलोजनबद्दल एक कळकळीचं सांगणं. ६०/५५ वॉटच्या होल्डरमध्ये १००/९० चा बल्ब घालू नका, वायर आणि होल्डर तापून वितळतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाशाचा उगम फिलामेंटच्या नेमक्या जागी येत नाही. त्यामुळे उजेड विखुरतो: समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला लांबचा रस्ता तरीही दिसत नाही. रात्रीचा हायवे असेल तर कारखान्याचे चांगले दिवे असलेलं व्हेरियंटच घ्यावं.

कॅम्बर

पान्हा यांच्याशी पूर्ण सहमत. टॉपच्या चाकांविषयी लिहितो. सारथी, तिसरं आणि टॉप दोन्हींचा टायर साइझ आणि चारही व्हेरियंटचं कर्ब वजन (रिकाम्या गाडीचं वजन) द्याल का? माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतं.

सारथी

तिसऱ्याला २१५/६० आर१७, टॉपला २१५/५५ आर१८. कर्ब वजन अनुक्रमे १३९५, १४२०, १४५० आणि १५०५ किलो. ऑलव्हील टॉप १५७५. एकूण अनुज्ञेय वजन (माणसं-सामानासकट जास्तीत जास्त) सगळ्यांना १९५० किलोच दिलंय.

कॅम्बर

बरं झालं दिलंत. २१५ चे ६० टक्के म्हणजे टायरची भिंत १२९ मिलीमीटर. ५५ टक्के म्हणजे ११८. चाकाचा एकूण व्यास ६९० आणि ६९४ मिलीमीटर, म्हणजे जवळपास सारखाच. मोठ्या चाकाने गाडी उंच होईल असं अनेकांना वाटतं, पण इथे जमिनीपासूनची उंची जेमतेम २ मिलीमीटरने वाढते. कमी होतो तो रबराचा थर, ११ मिलीमीटरने. खड्ड्यात आपटल्यावर रिम वाकणं आणि टायरच्या भिंतीला फुगा येणं याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि बारीक खडबड जास्त जाणवते. वळणावर १८ इंची थोडी नेमकी वागते, हेही खरं. तुमच्या वापराला १७ च बरी.

टॉप घेऊन १७ इंची चाकं घालायचा विचार असेल, तर आधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं टायरच्या हवेचं स्टिकर पाहा. त्यावर दोन्ही साइझ असतील तरच पुढे जा. काही गाड्यांत वरच्या व्हेरियंटची ब्रेक डिस्क मोठी असते आणि लहान रिम कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाला) घासते.

आता वजन. १९५० मधून कर्ब वजा करा. तिसऱ्यात ५०० किलो उरतात, टॉपमध्ये ४४५, ऑलव्हीलमध्ये ३७५. प्रत्येकी ७५ किलोची पाच माणसं बसली की ३७५ तिथेच संपले, सामानाला एक किलोही राहिला नाही. तुमची दोन लहान मुलं आहेत म्हणून आज निभेल. कर्ब वजनात चालकाचे ७५ किलो धरलेत का, हेही विचारा. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही. भरल्या गाडीत मागची हवा किती ठेवायची हे त्याच स्टिकरवर वेगळं लिहिलेलं असतं.

दीपमाळ

ऑलव्हील कशासाठी हवी आहे? बर्फ, चिखल, ओलं गवत, घसरणीचा चढ यावर सुरुवातीची पकड मिळते. ब्रेक लावल्यावर थांबण्याचं अंतर तिने कमी होत नाही, तिथे टायरच कामाला येतात. मागच्या डिफरन्शिअलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल ठरल्या अंतराने बदलावं लागतं. चारही टायरची झीज जवळपास सारखी ठेवावी लागते, नाहीतर कमीजास्त व्यासामुळे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगवर सतत ताण राहतो. एक टायर फाटला की जोडीने, कधी चारही बदलायची वेळ येते. शहर आणि हायवेसाठी नको.

सनरूफ: सहा फुटी माणसाला मागच्या सीटवर बसवून डोकं छताला लागतं का बघा. काचेची यंत्रणा छतातली उंची खाते, आणि मॉडेलनुसार मागे जास्त खाते. चौकटीच्या चार कोपऱ्यांतून पाणी जायला बारीक नळ्या असतात. पुढच्या दोन खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. पानं-धूळ अडकली की पाणी उलटं फिरून छताच्या कापडात किंवा पायाखालच्या गालिच्यात येतं. वर्षातून दोनदा काच उघडून पन्हळ पुसा आणि प्रत्येक कोपऱ्यात अर्धा कप पाणी सावकाश सोडा. खाली चाकाजवळ ठिबकलं पाहिजे. नळीत कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निखळला तर पूर्ण छत उतरवावं लागतं.

पान्हा

ऑटोमॅटिक कोणतं आहे ते विचारून घ्या. रांगत्या वाहतुकीत टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी निश्चिंत. कोरड्या क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल, तर गाडी हळूहळू सरकत ठेवली की क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. डॅशबोर्डवर सूचना येते. तेलात बुडालेल्या क्लचचा डीसीटी हे बरंच सोसतो. कोरडा असेल तर समोर गाडीभर जागा होऊ द्यायची, मग एकदम पुढे जायचं. मधल्या वेळेत ऑटो होल्ड (ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी धरून ठेवणारी सोय). तिसऱ्यात इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आहे, पण ऑटो होल्ड आहे का हे वेगळं तपासा. दोन्ही सोबत असतातच असं नाही.

ओडोमीटर

अडासवर अजून कोणी लिहिलं नाही, आणि टॉपच्या त्या १५ मधली खरी किंमत माझ्या मते त्यातच आहे. रात्रीच्या लांबच्या प्रवासात आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक आणि आंधळ्या कोपऱ्याची (आरशात न दिसणाऱ्या बाजूची) सूचना या दोन गोष्टी उपयोगाच्या. लेन धरून ठेवणं रस्त्यावरच्या पट्ट्यांवर अवलंबून. पट्टे पुसट असले की ते गप्प बसतं.

अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी सोय) असेल तर नेमका प्रश्न विचारा: पूर्ण थांबून पुन्हा निघतं, की ठरावीक वेगाखाली सुटतं? सुटणारं असेल तर शहरात उपयोग नाही. चाचणीच्या वेळी हायवेवर लावूनच बघा.

खर्चाची बाजूही लक्षात ठेवा. कॅमेरा आरशामागे काचेला चिकटून असतो. काच बदलली की त्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) करावं लागतं. काही गाड्यांत समोर ठरल्या अंतरावर फलक लावून, काहींत ठरावीक वेगाने चालवून. विम्यात फक्त काच धरली आहे की कॅलिब्रेशनही, हे पॉलिसी घेतानाच लेखी घ्या. रडार पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे असतं. त्यावर पुट्टी आणि रंगाचे जाड थर चढले, किंवा समोर लोखंडी गार्ड लावला, की ते चुकीचं वाचतं किंवा बंद पडतं. गार्ड कुठल्याच व्हेरियंटला लावू नये, एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडतं.

सारथी, माहितीपत्रकातली चिन्हं परत पाहा. भरीव ठिपका म्हणजे सोबत मिळतं, पोकळ ठिपका म्हणजे जास्तीचे पैसे देऊन, आडवी रेघ म्हणजे नाहीच. तिसऱ्याच्या रकान्यात अडाससमोर काय आहे?

सारथी

पोकळ ठिपका आहे! तळटीप: "फक्त ऑटोमॅटिकसोबत, सुरक्षा पॅकेजमध्ये". विक्रेत्याला फोन केला. पॅकेजसह तिसरं ऑटोमॅटिक १२९ च्या आसपास जातं. टॉपचे १३७ ऑटोमॅटिकसकट आहेत. क्रूझ पूर्ण थांबून पुन्हा निघतं, ऑटो होल्ड आहे, गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर. पण पॅकेजची गाडी तयार नाही, थांबावं लागेल. तो म्हणतो टॉप उद्या मिळेल.

ओडोमीटर

थांबा. हीच गाडी तुमची. उरलेल्या ८ मध्ये टॉप काय देतं? सनरूफ, मोठी चाकं, ३६० कॅमेरा, थंड सीट. यातल्या थंड सीट गरम हवेत खरंच सुख देतात, त्या मनापासून हव्या असतील तर विचार करा. बाकीच्यांसाठी ५५ किलो वजन आणि ११ मिलीमीटर रबर द्यायची गरज नाही.

बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव, पॅकेजचा कोड आणि रंग लिहून घ्या. "ऑटोमॅटिक, सुरक्षा पॅकेज" एवढं तोंडी पुरत नाही.

दीपमाळ

पैसे पूर्ण भरण्याआधी मुलांच्या सीट घेऊन शोरूमला जा. आयसोफिक्सचे (मुलांची सीट थेट गाडीला अडकवायच्या जोडणीचे) खालचे दोन हूक एकमेकांपासून २८ सेंटीमीटरवर असतात आणि बहुधा मागच्या बाहेरच्या दोन जागांनाच असतात. दोन्ही सीट लावल्यावर मध्ये मोठं माणूस बसतं का, आणि त्याच्या पट्ट्याचं बक्कल हाताला लागतं का, हे बसूनच कळतं. वरचा पट्टा अडकवायचा हूक सीटच्या पाठीमागे आहे ना, तेही बघा; सामान बांधायच्या कडीत तो अडकवू नका.

आणि सीट कव्हर घालणार असाल तर बाजूच्या एअरबॅगच्या जागी फाटणारी शिवण असलेलीच घ्या. साधं जाड कव्हर एअरबॅग अडवतं.

कॅम्बर

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी, कोरडी असताना बघा. चासी नंबर आणि व्हेरियंट कागदांशी जुळवा. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३४२५ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा. पाचही टायर जवळपास एकाच काळातले हवेत. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर.

दिव्यांसाठी: सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटजवळच्या स्टिकरवर १ टक्का लिहिलं असेल, तर लो बीमची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. वर पडत असेल तर तिथेच नीट करून घ्या.

सारथी

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेजसह तिसरं ऑटोमॅटिक बुक करतोय. एकच शंका: आरशामागे कॅमेरा असताना डॅशकॅम कुठे लावायचा?

पान्हा

आरशाच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला, अडासच्या काळ्या आवरणापासून थोडं दूर, वायपर जिथे पुसतो त्या भागात. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर फिल्म, स्टिकर काहीही नको. वीज फ्यूज बॉक्समधून ॲड-ए-फ्यूज (फ्यूजच्या जागी बसून जादा जोडणी देणारा तुकडा) लावून घ्या, मूळ वायर कापू देऊ नका. आणि खांबावरून वायर नेताना ती पडदा एअरबॅगच्या (खिडक्यांवर उघडणाऱ्या एअरबॅगच्या) मागून न्यायची. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना ती वायर वाटेत येते.