जुन्या थंडरबर्डचं इंजिन वाढवावं की आहे तसंच ठेवावं?

घाटवेडा

नमस्कार मंडळी. माझी रॉयल एनफील्डची थंडरबर्ड ३५० आहे, २०११ ची, ट्विनस्पार्क (एका सिलिंडरला दोन प्लग), कार्ब्युरेटरवाली, म्हापशाचं पासिंग. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो. तिच्यावर बसून कोकण आणि कर्नाटक पाहिलंय, पुढेही तिच्यावरच फिरायचं आहे.

अडचण ताकदीची. इंजिन ३४६ सीसी, कंपनीचा आकडा १९.८ बीएचपी आणि २८ एनएम. एकटा असलो तर काही म्हणणं नाही. पण बायको मागे, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि केरीच्या पुढे चोर्ल्याचा चढ लागला की पुढचा टेम्पो मागे टाकायला जीव एकवटावा लागतो. हायवेवर नव्वदच्या पुढे इंजिन कष्टाने ओढतं.

समोर तीन रस्ते दिसतात. मोठ्या बोअरचा, म्हणजे सिलिंडरचा व्यास वाढवणारा, पिस्टन किट. किंवा बोअरला हात न लावता कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मोकळा एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मोठे जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकं). किंवा अपघातात गेलेल्या एनफील्ड ५०० चं अख्खं इंजिन बसवणं. माझा कल पहिल्याकडे आहे. ज्या इंजिनाला हात घातल्याशिवाय पुढची दहा वर्षं निघणार नाहीत, ते उघडल्यावर आहे तेवढंच परत का करायचं? विरोध असेल तर कारणासकट सांगा.

स्पॅनर_म्हापसा

कारणासकट विरोध. जुन्या बुलेटी आणि थंडरबर्डच रोज हाताखालून जातात, म्हणून आकड्यांनीच बोलतो.

गाडी, तुम्ही दोघं आणि सामान धरून एकूण ३७० किलो म्हणू. शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता, वेग ताशी ५०. एवढं वजन त्या वेगाने वर चढवायला साडेपाच हॉर्सपॉवर लागतात. वारा आणि टायरचं घर्षण यांचे अजून दोनेक. म्हणजे आठाच्या आत काम झालं. इंजिन १९.८ चं आहे. सायलेन्सरपर्यंत सगळं ठीक असलेली गाडी त्या चढावर रडणार नाही. तुमची रडते, म्हणजे ती आज १९.८ देतच नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या इंजिनात रिंगा झिजतात, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाहीत, कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम कडक होतो, क्लच घसरतो, एअर फिल्टर लाल मातीने भरतो. आधी हरवलेली ताकद परत आणा. वाढीव ताकदीचा विषय त्यानंतर.

कर्मल_उतार

मेस्त्री, हिशोब बरोबर आहे, पण तो एकसारख्या वेगाने चढण्याचा आहे. धागाकर्त्याची तक्रार ओव्हरटेकची आहे. ४० वर अडकलेली गाडी दोन वळणांच्या मधल्या तुकड्यात ६५ वर न्यायची असते, तिथे आठ हॉर्सपॉवर पुरत नाहीत.

बोअर वाढवणं म्हणजे इंजिनाचा खून, असं सरसकट बोलणाऱ्यांना एक उदाहरण. ५०० च्या इंजिनाचा बोअर ८४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९०. २०१३ च्या काँटिनेंटल जीटीत कंपनीनेच स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८७ केला आणि ५३५ सीसी झाले. पॉवर २७.२ वरून २९.१ बीएचपी, टॉर्क ४१.३ वरून ४४ एनएम. कारखान्यात चालतं ते चांगल्या लेथवर का चालू नये?

स्पॅनर_म्हापसा

हेच उदाहरण माझ्या बाजूने वाचा. सीसी वाढले साधारण ७ टक्के, पॉवर वाढली तीही ७ टक्के. तेही कारखान्याने फ्लायव्हील हलकं करून, ईसीयूची (इंजेक्शन सांभाळणाऱ्या संगणकाची) सेटिंग बदलून.

आता ३५० ला लावा. बोअर ७०, स्ट्रोक ९०. ७२ मिमीचा पिस्टन घातला तर ३६६ सीसी होतात, सहा टक्के वाढ. १९.८ चे झाले २१. एका हॉर्सपॉवरसाठी स्लीव्ह (सिलिंडरची आतली भिंत) पातळ केली. शिवाय हेड तेच राहिलं तर कॉम्प्रेशन ८.५ वरून ८.९ वर जातं आणि उष्णता वाढते. इंजिन हवेवर थंड होणारं, आणि पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये हवा कुठली?

हायवेचं म्हणाल तर वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० वरून १०० वर जायला वाऱ्यासाठी जवळजवळ दुप्पट ताकद पाहिजे. सहा टक्क्यांच्या वाढीत टॉप स्पीड दोन टक्क्यांनी सरकेल.

मागच्या_सीटवरून

मी चालवत नाही, मागे बसते, त्यामुळे माझं मत वेगळ्या जागेवरून आहे. टॉप स्पीड वाढावा असं मला अजिबात वाटत नाही. पण ट्रकच्या बाजूने आपण चुकीच्या लेनमध्ये असतो तो वेळ कमी व्हावा, असं फार वाटतं. पुढच्याला दिसतो रस्ता, मला बाजूला फिरणारी चाकं दिसतात. “जास्त ताकद म्हणजे जास्त माज” असं म्हणणाऱ्यांनी कधी ओझ्याच्या गाडीवर मागे बसून अनमोड चढावा. दोघांच्या प्रवासात ताकद ही सुरक्षेची गोष्ट आहे. घाटवेडा यांना माझा पाठिंबा.

स्पॅनर_म्हापसा

ताई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य, तो वेळ कमी झालाच पाहिजे. पण त्याचा उपाय बोअरमध्ये नाही, गिअरमध्ये आहे. १९.८ हा आकडा ५२५० आरपीएमचा. आपले बरेच जण पाचव्या गिअरमध्ये ३००० वर असताना ॲक्सिलेटर पिळतात. तिथे पूर्ण २८ एनएम मिळाला असं धरलं तरी १२ हॉर्सपॉवर होत नाहीत. उरलेले आठ गिअर खाली टाकल्याशिवाय मिळतच नाहीत. ट्रकच्या मागे असतानाच तिसरा टाकायचा, मग बाहेर निघायचं.

दुसरं म्हणजे पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात लहान. घाटातला फरक पहिल्याच चढावर कळतो. इंजिन उघडावं लागत नाही, पटलं नाही तर परत जुनं घालता येतं. हायवेवर आरपीएम थोडे जास्त राहतात, पेट्रोल थोडं जास्त जातं, एवढीच किंमत.

कर्मल_उतार

स्प्रॉकेटने हायवे बिघडतो, आणि हीच गाडी हायवेलाही चालवायची आहे. ९० मिमीचा लांब स्ट्रोक सारखा ५००० च्या वर फिरवायचा म्हणजे हातापायांना मुंग्या आणि नटबोल्ट ढिले. खालच्या आरपीएमलाच ओढ असणं हा या गाड्यांचा स्वभाव आहे, आणि मोठा बोअर तीच ओढ वाढवतो. लांबच्या प्रवासात माणसाने दर वळणाला गिअर मोजत बसावं, हे मला पटत नाही.

कागद_आधी

इंजिनाचं तुम्ही ठरवा. मी कायद्याचं सांगतो, कारण तो कोणी काढलाच नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जो तपशील आहे आणि कंपनीने मुळात जी गाडी बनवली, त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ५०० चं इंजिन बसवायचं तर इंजिन नंबर बदलतो, सीसी बदलतात. आरटीओच्या परवानगीशिवाय तो विचारही करू नका.

आता घाटवेडा यांच्यासाठी खास. तुमची गाडी २०११ ची, म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२६ मध्ये संपतात. नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. नेमक्या त्याच काळात इंजिन बदलताय.

आणि विमा. थर्ड पार्टीचा एक टप्पा १५० ते ३५० सीसी, पुढचा ३५० च्या वर. २०२२ च्या दरपत्रकात पहिल्याला १३६६ रुपये होते, दुसऱ्याला २८०४. तुम्ही ३४६ वरून ३६६ वर गेलात की टप्पा ओलांडला, आणि कागदावर मात्र ३४६. उद्या अपघात झाला, मागे बसलेल्या माणसाला लागलं, आणि विमा कंपनीने इंजिन उघडायला लावलं तर काय उत्तर देणार? ताई सुरक्षेबद्दल बोलल्या म्हणून मुद्दाम लिहितोय. सुरक्षेत हेही येतं.

कर्मल_उतार

कागद बाब, मग हे सांगा. झिजलेल्या सिलिंडरला अर्ध्या मिलीमीटरचा ओव्हरसाइझ पिस्टन घालणं ही रोजची दुरुस्ती आहे, कोणी आरटीओकडे जात नाही. ७०.५ च्या बोअरला ३५१ सीसी होतात. मग तीही गाडी बेकायदा?

कागद_आधी

झिजलेलं इंजिन कंपनीच्या सर्व्हिस मर्यादेत परत आणणं आणि ताकद वाढवण्यासाठी वेगळा किट घालणं, यांत हेतूचाही फरक आहे आणि कामाचाही. बिल ठेवा, बिलावर काय काम झालं ते स्पष्ट लिहून घ्या. ओव्हरसाइझचं बिल दाखवायला कोणालाही भीती वाटत नाही. किटचं बिल कितीजण जपून ठेवतात, हे तुम्हीच सांगा.

पावसातला_पेडणेकडचा

एक मुद्दा राहिला, पेट्रोलचा. पंपावर आता ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के तिथेच गेली. इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू सेन्सर बघून भरपाई करतो. आपला कार्ब्युरेटर २०११ च्या पेट्रोलसाठी जेट केलेला, त्याला यातलं काही कळत नाही. मिश्रण लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी), इंजिन तापतं, पिकअप मरतो. रबरी नळ्या आणि सीलही त्या काळातले. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत गाडी पंधरा दिवस उभी राहिली की टाकीत पाणी खाली बसतं, तेही बघा.

म्हणून माझं मत दोघांच्या मधलं. जेट एक नंबर मोठा, नळ्या नवीन, फ्लोट बोल साफ. मोकळा फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर मात्र नको. जेट न बदलता ते घातले की आधीच लीन असलेलं इंजिन अजून लीन होतं. आणि आवाजाने आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडते, त्याचं काय? पर्यटकांच्या भाड्याच्या बुलेटींनी ते पुरेसं केलंय.

घाटवेडा

सगळ्यांचे आभार. ५०० चं इंजिन मी यादीतून काढलं, कागदांचा मुद्दा निर्विवाद आहे. जेट आणि नळ्यांचं काम याच आठवड्यात करतो.

बोअरबद्दल मात्र मन पूर्ण वळलेलं नाही. मेस्त्री म्हणतात एक हॉर्सपॉवर. पण बोअर, कॅम आणि जेट एकत्र जुळवून केलं तर एकापेक्षा जास्त मिळेल, असं मला अजूनही वाटतं. आणि एक विचारायचंय. इंजिन उघडण्याआधी ते किती झिजलंय हे खात्रीने कसं कळेल? प्रत्येक गॅरेजवाला गाडी स्टँडवर लावण्याआधीच “रिबोअर करा” म्हणतो.

स्पॅनर_म्हापसा

लीक-डाउन चाचणी करून घ्या. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणायचा, एका प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची, दुसरा प्लग घट्ट राहू द्यायचा. मग कान लावायचा. कार्ब्युरेटरकडून हवा फुसफुसली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा आणि सिलिंडर. दोष व्हॉल्व्हचा निघाला तर बोअरला हात लावायची गरजच नाही, फक्त हेड उतरवून ग्राइंडिंग करा.

कॅमबद्दल. जो कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो तो खालची ओढ कमी करतो, आणि टुरिंगला तुम्हाला ओढ खालीच पाहिजे. किट घालायचाच ठरवलंत तर त्याआधी पुढचं ब्रेक पॅड, होज आणि मागच्या ड्रमचे शू नवीन करा. मागे ड्रमच आहे, आणि चोर्ला जेवढा चढायचा तेवढाच उतरायचाही आहे.

मागच्या_सीटवरून

ब्रेकचं काम आधी, हे शंभर टक्के. पण ते झालं की मी पुन्हा ताकदच मागणार.